केल्विनचं कुंपण

४ जून
पुन्हा रेडिओत तीच टकटक! शेजारच्या केल्विनच्या गाईंचं वीजकुंपण. लिंडसे पलंगावर उठून बसलेला, नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर साबणाच्या वडीएवढा रेडिओ. त्याचे हात थरथरतात, म्हणून रेडिओ इकडेतिकडे फिरवते मी. "थोडा डावीकडे... अजून... थांब!" टकटक गेली. चिलीचं केंद्रही गेलं.
जन्मभर नवऱ्याच्या या दूरची केंद्रं पकडायच्या छंदाला शिव्या दिल्या, आणि आता रोज संध्याकाळी मीच रेडिओ फिरवत बसते!

७ जून
आल्याचा केक घेऊन केल्विनकडे गेले. सगळं सांगितलं. लिंडसेनं शाळेत असताना चिलीच्या एका बेटावरचं इवलंसं केंद्र ऐकलं होतं. एकदाच. रेकॉर्डिंग नाही, म्हणून रेडिओ क्लबातले हसले. अजून हसतात. जायच्या आधी ते रेकॉर्ड झालेलं हवंय त्याला.
"जायच्या आधी" — माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.
केल्विन केककडे बघत राहिला. मग म्हणाला, "अंधार पडताना तासभर कुंपण बंद ठेवतो. पण नोलीन, गाई तुझ्या कोबीत शिरल्या तर तक्रार चिलीला करायची हां!"

८ जून
टकटक नाही! पण भलताच किरकिराट. शोध शोध शोधला. मी फोनवर रेकॉर्ड करत होते, आणि किरकिरत होता तो फोनच!
"अगं, रेडिओला चिकटवून ठेवलास होय!" खोकला येईपर्यंत हसला. किती दिवसांनी.
उद्यापासून जुना रेकॉर्डर, लांब वायर लावून.

१३ जून
दिवे बंद, फ्रीज बंद, चार्जर काढलेले. तरी रेडिओत एक घरघर. कशाची ते दोघांनाही माहीत होतं.
मग तोच म्हणाला, "मशीन बंद कर ना थोडा वेळ."
"गप्प बस."
"नोलीन, दहाच मिनिटं—"
"ऑक्सिजन बंद करून चिली ऐकायचीय? मूर्ख म्हातारा!"
स्वयंपाकघरात जाऊन रडले. खिडकीतून पाहते तर गाई कोबीत.

१४ जून
बोलत नाही माझ्याशी. सूप मात्र सगळं संपवलं.

१७ जून
मी एकटीच गेले समुद्रावर, घरांपासून लांब. उपड्या बादलीवर रेडिओ, वायरच्या टोकाला रेकॉर्डर, बोटं गोठलेली. त्यानं शिकवलं तसा हळूहळू फिरवला. दिवस मावळला आणि चिली आली! गिटार, मग एक बाई भरभर बोलली, मग केंद्राचं नाव — त्यानं माझ्याकडून घोकून घेतलेलं तेच!
घरी येऊन ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होता. शेवटी मीच ओरडलेय, "मिळालं रे, लिंडसे!" म्हटलं, क्लबाला पाठवताना तेवढं काढून टाकू.
"खबरदार!" म्हणाला.
बराच वेळ माझा हात सोडला नाही. फार जीव आहे माझा या माणसावर. बोलायची सवय नाही, म्हणून इथे लिहिते.

२ जुलै
सकाळी दवाखान्याची माणसं येऊन लिंडसेचं ऑक्सिजनचं मशीन परत घेऊन गेली. संध्याकाळी सवयीनं रेडिओ लावला. चिली घरातच आली, खिडकीपाशी, ना टकटक ना घरघर, अगदी स्वच्छ. ऐकवेना.
केल्विनला फोन केला. "कुंपण चालू कर रे. आत्ता."
टकटक सुरू झाली. रेडिओ तसाच चालू ठेवलाय.