राणीछाप रुपयाचा रंग

२ नोव्हें. ९७, रवि.
मंगळवार पेठेत सासूबाईंकडे फराळाला. लक्ष्मीपूजनाचा राणीछाप रुपया अजून पाटावरच. भिंग खिशात असतंच. कडेला निळा, आत जांभळा, राणीच्या गालावर सोनेरी. असं टोनिंग, म्हणजे जुन्या चांदीवर आपोआप चढलेला रंग, जन्मात बघितलं नाही. झीज किरकोळ. ग्रेड एक्स्ट्रा फाइन, बिनधास्त. डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.
साडू विलासराव हुपरीचे, घरीच पैंजणं करतात. म्हणाले, "काळा पडलाय की. द्या, दोन मिन्टात उजळून देतो." मी मूठ घट्ट मिटली.
सासूबाई : "भांडू नगासा. पावणं, तुम्हास्नी पारख हाय, तुम्हीच न्या."

४ नोव्हें.
नाण्यांच्या क्लबात दाखवला. १६ ला राजारामपुरीत प्रदर्शन, नाव दिलं. सगळ्यांसमोर ठणकावलं, शंभर वर्षं लाकडी पेटीत पडून राहिल्याशिवाय हा रंग चढत नाही. पेटी मी बघितलेली नाही. पण रंग आहे म्हणजे पेटी असणारच. अध्यक्षांनी वहीत टिपून घेतलं. फार बरं वाटलं.

९ नोव्हें., रवि.
रुपयाशेजारी मांडायला पेटी मागायला गेलो.
"कसली पेटी? चोराच्या भ्यानं चटणीच्या बरणीत ठेवलावता. कांदा-लसणात कोण हात घालतंय?"
"किती वर्षं?"
"औंदाच की. आधी पांढराफेक हुता."
म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात केलेली चटणी. शंभर वर्षं नव्हे, सहा महिने. आणि त्या दिवशीचं डोळ्यांतलं पाणी...
विलासराव तिथंच होते. हसून हसून ठसका लागला त्यांना. "गंधक कांद्यात बी असतंय, साडूभाऊ. चांदी काळी पडायला तेवढंच पुरं."

१२ नोव्हें.
प्रदर्शनाच्या कार्डावर दोन रकाने. टोनिंग : नैसर्गिक / कृत्रिम. एकावर खूण.
कृत्रिम म्हटलं तर नाणं बाद, आणि क्लबात तोंड दाखवायला नको. नैसर्गिक म्हटलं तर थाप. पण मुद्दाम कुठं कोणी केलंय? कांदा नैसर्गिक, लसूण नैसर्गिक, चोराची भीती तर फारच. स्वतःलाच पटवतोय, कळतंय. लाज वाटते.

१५ नोव्हें., शनि.
कार्ड कोरंच. सासूबाईंचा निरोप आला. उद्या नवं लुगडं नेसून येणार, गल्लीतल्या चार बायका घेऊन. जावयानं रुपयाचं नाव काढलं म्हणून. कार्ड परत काढून बसलो.
हिला विचारलं, काय लिहू.
भाकरी थापता थापता म्हणाली, "घरगुती लिवा की."
हसलो. मग हसू गेलं.
दोन रकान्यांच्या मध्ये थोडी जागा आहे. पेन्सिलीनं लिहून बघितलं. मावतंय. शाईनं गिरवायचा धीर अजून होत नाही.