पिंकीचा गुडघा

मंगळवार, नोएडा. संध्याकाळी.

रविवारच्या निवड चाचणीत पिंकीला धावू द्यायचं की नाही, हे आज मी ठरवायचं होतं. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या या केंद्रात फिजिओथेरपिस्ट मी आहे, रितू नाही. ती नाच शिकवते. येऊन दोन महिने झालेत.

मी गुडघा वाकवून मोजला, वाटीखाली दाबून पाहिला. "दर्द है?" तीनदा विचारलं. माझ्या पेनाकडे बघत पिंकी तीनदा म्हणाली, "नहीं दीदी." मी ‘फिट’ लिहिलं.

मग रितू तिच्यासमोर जमिनीवर बसली. स्वतःची सलवार गुडघ्याच्या वर सरकवून म्हणाली, "डॉक्टर पिंकी, मेरा घुटना देखो ना." पिंकीने बरोबर वाटीखाली अंगठा रोवला. "मेरा इधर दुखता है, दौड़ने के बाद. दीदी को मत बताना, वो लिख देती है."

दीदी दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

तिथेच तर दाबलं होतं मी! मग मला का नाही सांगितलं? पेनामुळे? की माझ्यामुळेच?

तिचं रविवारचं धावणं मी रद्द केलं. पिंकी रडली, तेही रितूच्या कुशीत. तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत रितू म्हणाली, "अच्छा हुआ यार, टाइम पे पकड़ लिया हमने." हमने म्हणे. टोमणा असता तर बरं झालं असतं, पण ती मनापासून म्हणाली.

‘फिट’ खोडून मी रिपोर्ट नव्याने लिहिला. दुखणं कुठे, कधीपासून, किती दिवस विश्रांती, सगळं अचूक. आणि तपासणी कोणी केली, या रकान्यात फक्त माझं नाव.