हसरा फोटो

पोर्टलीश, आयर्लंड, मार्च २०१३

दादा,

हे पत्र तुला मिळणार नाही, त्यामुळे खुशाली विचारत नाही.

बाबा २०१० साली माझ्याकडे राहायला आले होते, तेव्हा टीव्हीवर कर्लिंग बघत बसायचे. बर्फावरून दगड सरकवायचा खेळ. फांग मेई ही चिनी खेळाडू त्यांची लाडकी. तिने पदक जिंकलं आणि त्यानंतर तिला सांगितलं गेलं, की स्पर्धा सुरू झाली त्याच दिवशी तुझे वडील वारले. बाबा म्हणाले, "शहाणी माणसं! आधी सांगून काय झालं असतं?" मी म्हटलं, "माझ्याशी असं कधी करू नका हं." ते हसले आणि त्यांनी चहा मागितला.

म्हणून तू जेव्हा म्हणतोस, 'माधवीची परीक्षा होईपर्यंत कळवू नका असं बाबांनीच बजावलं होतं,' तेव्हा तुला खोटारडाही म्हणता येत नाही.

परीक्षा झाल्यावर मी हॉस्पिटलमध्ये, माझ्या वॉर्डात केक कापला, मग घरी फोन केला. तू आधी 'पेपर कसा गेला?' विचारलंस आणि मग सांगितलंस. तोवर बाबांचा दहावाही होऊन गेला होता.

काल फांग मेईबद्दल वाचलं. पदकानंतर दगड सोडताना तिचा हात थरथरायचा, शेवटी तिला संघातून काढलं. पदकाचा फोटो ती घरात लावत नाही. म्हणते, त्यात मी हसतेय.

केक कापतानाचा माझाही फोटो आहे, दादा. फोन करण्याआधी मी तो घरी सगळ्यांना मेल केला होता. बाबांनाही.

माधवी