छोटा त्सु

६ ऑक्टोबर २०२५, नागोया

एक्क्याऐंशी वर्षांच्या निशिओ-सान आज प्रयोगशाळेत आल्या. हातात वडिलांचं शेवटचं पोस्टकार्ड. वडील विमानांचे मेकॅनिक. १९४४च्या नोव्हेंबरात ज्या जहाजावर चढले ते मुळात प्रवासी जहाज — लष्करानं वरचा भाग कापून विमानांसाठी सपाट केला, पोटात सैनिक उतरवायच्या होड्या भरल्या. तिसऱ्या दिवशी टॉर्पेडो लागला. वडील परतले नाहीत. निशिओ-सान तेव्हा आठ महिन्यांच्या.

कार्डाचा शेवट — 'इत्तेकिमासु'. जाऊन येतो. या एका शब्दावर त्यांची आई बावन्न वर्षं थांबली. दुसरं लग्न नाही, घर बदललं नाही. आता तो शब्द स्मारकावर कोरायचाय, म्हणून पुसट शाई स्पष्ट करून हवी. "नीट तपासा," दोनदा म्हणाल्या. आपला कॅमेरा उडालेली शाईही वाचतो. सोपं काम!

९ ऑक्टोबर

सोपं कसलं. शाया दोन निघाल्या. मधली दोन अक्षरं, 'त्सु' आणि 'ते' (दोन मिळून 'त्ते' होतं), नंतर घुसवलेली. ती काढली की उरतं 'इकिमासु' — जातो. नुसतं जातो!

निघताना तोंडून 'जाते' गेलं की माझी आई अजून फोनवरसुद्धा ओरडते — "येते म्हण!" आणि हा माणूस सरळ लिहून गेला. त्याला माहीत होतं. फार वाईट वाटलं. डबा तसाच परत आणला.

१० ऑक्टोबर

त्याच्या बायकोनंच घातली असणार ती अक्षरं. स्वतःला फसवून जगली बिचारी. हे तिच्या मुलीला सांगायचं कोणी? मी नाही.

१४ ऑक्टोबर

शेजारच्या टेबलावरच्या मोरी-साननी फोटो पाहिला. म्हणाले, "हा त्सु आकारानं छोटा आहे. युद्धाआधी शाळेत इथं मोठाच लिहायला शिकवत. छोटा नंतर आला." मला काय माहीत! मी जपानीच्या वर्गात छोटाच शिकले. म्हणजे लिहिणारी आई नव्हे — युद्धानंतर शाळेत गेलेलं कुणीतरी.

१५ ऑक्टोबर

फोन केला. शाया दोन आहेत, एवढंच सांगितलं.  निशिओ-सान म्हणाल्या, "उद्या येते."

१६ ऑक्टोबर

"ती अक्षरं माझी," निशिओ-सान म्हणाल्या. दुसरीत होत्या. आई रोज कार्ड काढून रडायची. ती अक्षरं घातल्यावर एकदाही रडली नाही. आईला खरं वाटलं, असंच त्या आजवर समजत होत्या.

मी छोट्या त्सुचं सांगितलं. त्यांनी भिंग घेऊन पाहिलं.

"आई शेवटपर्यंत मोठाच लिहायची. म्हणजे ती अक्षरं माझी, हे तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं. आणि माझं मन राखायला वाट बघत बसली."