सव्वा महिना आणि पाच हजार

जानेफळ,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप सहदेवमामांना पुष्पांजलीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आणि मामींची शुगर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. इकडे सगळं ठीक आहे. मनाली (नाव तुमच्यासमोरच ठेवलं, पण तुम्ही गेल्यावर दोन आत्यांनी आपापली वेगळी नावं सुरू केली आहेत, तुम्ही मनालीच म्हणा) दिवसा झोपते, म्हणून दिवसा लिहिते आहे. आईचं म्हणणं, "बाळंतिनीनं लिहाले-वाचाले बसू नाई, डोये जातात." फोन केला असता, पण तुमचा फोन मामी उचलतात आणि माझा फोन सुरू असला की आई शेजारी येऊन उभी राहते. विषय त्या दोघींच्या कानावर जाण्यासारखा नाही. बाबा सोमवारी डोळे दाखवायला नागपूरला येत आहेत, त्यांच्या हाती पत्र देते. एकट्याने वाचावं ही विनंती.

बारशाच्या दिवशी, तुम्ही सगळे जेवायला बसला होतात तेव्हा, मला बँकेचा मेसेज आला. माझ्या खात्यात किमान शिल्लक नाही, सबब दंड कापला. मेहकरच्या शाळेत लागले तेव्हा उघडलेलं हे पगाराचं खातं. सहा वर्षं त्यात पगाराशिवाय एक रुपया आला नाही, आणि त्याला किमान शिल्लक कधी लागली नाही. यंदा संस्थेने प्रसूतीची रजा दिली, पगार मात्र "रुजू झाल्यावर एकदम" म्हणून ठेवून घेतला. तीन महिने पगार आला नाही तेव्हा बँकेने स्वतःच ठरवलं की हे आता पगाराचं खातं नाही, साधं खातं आहे, आणि साध्या खात्यात पाच हजार पाहिजेत. खात्यात पैसे कमी म्हणून बँक पैसे कापते, कापल्यामुळे ते आणखी कमी होतात, आणि मग बँक ते पुन्हा माझ्या लक्षात आणून देते. (हे मी सातवीच्या वर्गाला शिकवलं असतं तर पालक भेटायला आले असते.) आता शिल्लक एक हजार तीनशे बारा. तुमच्या जावयाला, गोकुळला, सांगितलं तर तो म्हणाला, "माह्या खात्यातून टाकतो ना, काऊन एवढा ताप करून घेतं?" तो चांगला माणूस आहे, त्याने लगेच टाकलेही असते. पण लग्नानंतर माझं आडनाव, पत्ता, दवाखाना, दळणाची गिरणी, सगळं बदललं. हे एक खातं बदललं नाही. ते मीच उभं ठेवणार, असं त्याला सांगितलं. त्यावर त्याने कपाशीच्या फवारणीचा विषय काढला.

बिनशिल्लकीचं खातं करून मिळतं, पण त्यासाठी अर्ज घेऊन स्वतः जावं लागतं, आणि सव्वा महिना मला उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नव्हता. म्हणून बाबांना अर्ज देऊन पाठवलं. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि जाता जाता स्टँडवरून किलोभर पेढे घेतले. बँकेत त्यांनी कामाच्या आधी बातमी सांगितली. शिपायापासून सुरुवात करून सगळ्यांना पेढे दिले, रांगेतल्या खातेदारांनाही दिले. मग खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, अभिनंदन काका, पण खातेदार स्वतः पाहिजे. बाबा म्हणाले, "पोरगी कशी येईन बाई, सव्वा महिना झाला नाई अजून." बाई म्हणाल्या, मग सव्वा महिन्याने येऊ द्या. दोन्ही बाजूंना हे इतकं पटलं की बाबा अर्ज तसाच परत घेऊन आले आणि वर म्हणाले, माणसं फार चांगली आहेत. (पेढ्यांचे चारशे ऐंशी झाले. तेवढ्यात माझा एका महिन्याचा दंड भरून पेढे उरले असते.)

मग कळलं की ओळखीची खातरजमा व्हिडिओवरही होते. वेळ मिळाली सकाळी साडेदहाची. साडेदहाला आमच्याकडे शेक असतो. खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि शेपा, खोलीत धूर, आणि माझ्या डोक्याला, कानांना व हनुवटीला बांधलेला बाबांचा पंचा. समोरचा मुलगा बहुधा पुण्या-मुंबईचा असावा. आधी त्याने विचारलं, मॅडम, तुमच्याकडे आग लागली आहे का. नाही म्हटलं. मग तो म्हणाला, डोक्याचं काढा, चेहरा फोटोशी जुळत नाही. मी गाठीला हात लावला तोच आई मागून म्हणाली, "कानात वारं शिरन. त्याले म्हना, सव्वा महिन्यानं फोन कर." तो म्हणाला, खोलीत दुसरं कुणी चालत नाही, आणि फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी आईला बाहेर पाठवून पंचा सोडला, तर मनाली रडली, आणि ती खोलीतलं दुसरं कुणी धरली गेली. तिसऱ्या दिवशी सगळं जुळलं होतं. त्याने डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. ओव्याच्या धुराने मला ती थांबवताच येईना, आणि त्याला पाहिजे होती एकदाच.

शेवटी एकेचाळिसाव्या दिवशी देवळात नारळ फोडला आणि तिथून तशीच मनालीला घेऊन मेहकरला गेले. अर्ज दिला. निर्णयाला आठ दिवस लागतील, तोवर शिल्लक पुरी ठेवा, असं बाईंनी सांगितलं. त्याची मी तयारी केली होती. बारशाला आणि नंतर आलेल्यांनी मनालीच्या हातावर जे ठेवलं ते तिच्याकडून उसनं घेतलं होतं. (चिठ्ठी लिहून पाळण्याच्या गादीखाली ठेवली आहे. रुजू झाले की परतफेड.) कुणी किती दिले याची नोंद आईच्या आहेराच्या वहीत असते. तिची बेरीज तीन हजार सातशे पंधरा. माझे एक हजार तीनशे बारा धरून पाच हजार सत्तावीस. चूक माझी एवढीच की मी वही वाचली, पाकिटं उघडली नाहीत. ती खिडकीवर उघडली. तेव्हा आज खात्यात तीन हजार सत्तावीस आहेत.

मामींना नमस्कार, छोट्या विहंगला आशीर्वाद. गुडघ्यांना तिळाचं तेल लावत जा. इथेच थांबते, पाळणा हलायला लागला.

तुमची भाची,
पुष्पांजली

ता. क. — कमी पडलेले दोन हजार तुमच्या पाकिटातले. पाकिटावर मामींच्या अक्षरात २००१ लिहिलं आहे. वरचा रुपया बँकेने घेतला. नोट दोन हजारांची, गुलाबी, एकच. खिडकीवरच्या बाईंनी ती दोन बोटांनी धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, कुणी दिली हो. मी म्हटलं, मामाने. रांगेतला एकजण म्हणाला, "मामा हुशार आहे." ती आता रिझर्व्ह बँकेतच बदलून मिळते आणि ती नागपूरला आहे. नोट बाबांबरोबर पाठवते आहे. तुम्ही बदलून पैसे माझ्या खात्यात टाका. गोकुळच्या नंबरवर टाकू नका. मामींना विचारू नका.

ता. क. दोन — आईने पत्र पाहिलं. वाचलं नाही म्हणाली, पण लगेच वही काढून बसली. वहीत विहंगच्या बारशाची नोंद आहे: "सहदेवभाऊकडे, २००१, गुलाबी एक." म्हणजे नोट आमच्याच घरून गेली होती आणि तिनेच ती तेव्हा खपवली होती. तुमच्याबद्दल मनात जे आलं ते मागे घेते. रांगेतल्या माणसाचं मी काही करू शकत नाही. नोट मात्र बदलावी, रिझर्व्ह बँक अजून तुमच्याच गावात आहे.

ता. क. तीन — पाकीट डकवणार तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. अर्ज मंजूर. खात्यात आता शून्य असलं तरी चालेल म्हणतात. मला चालणार नाही. बाबा सोमवारी अकराला पोचतील.