मलिद्याचं ताट माझ्यासाठी वाढू नका

इल्फर्ड,
गुरुवार, २६ ऑगस्ट १९७१
दुपारचे चार वाजून दहा मिनिटं

प्रिय रूथमावशीस सियोनचा नमस्कार,

मी बरा आहे. तुमच्या गुडघ्यांचं सकाळी फोनवर विचारायचं राहिलं. एजवेअरला काल पाऊस झाला म्हणे, इथे कोरडंच आहे.

दिवसातून चारदा फोन होतोय आणि हा पत्र कसलं लिहितोय, असं वाटेल तुम्हाला. पण फोनवर मला बोलताच येत नाही, मावशी. मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणता, "तू होतास म्हणून रे बाळा, नाहीतर आम्ही कुणाच्या दारात गेलो असतो?" मग तुम्ही रडता आणि मी "बरं, ठेवतो" म्हणतो.

आधी बातमी लिहितो. मिल्का आणि सायमन आहेत त्या बेटाची तारेची केबल सोमवारच्या वादळात तुटली, ती अजून जोडलेली नाही. मोठ्या बेटावरून काल एक बोट डॉक्टर आणि तंबू घेऊन निघाली, ती पोचलीय. बोटीवरच्या वायरलेसवरून मोठ्या बेटाला कळतं, आणि तिथला एजंट आम्हाला टेलेक्स करतो. तीन दिवस मी त्या मशीनपुढून हललेलो नाही. आमचे मॅनेजर मिस्टर डॉब्स स्वतः चहा आणून देतात. दोन वर्षं नोकरी करतोय, त्यांनी मला आजवर साधा बिस्किटाचा डबा पुढे केला नव्हता.

परवा तुम्ही विचारलंत, "एवढं जगाच्या टोकाचं बेट सुचलं तरी कुणाला?" मी म्हटलं, मिल्कालाच. ते अर्धंच खरं आहे.

जूनमधली गोष्ट. लग्नानंतरच्या सहलीचं बुकिंग करायला ती दोघं आमच्या ट्रॅव्हल ऑफिसच्या काउंटरवर आली. सायमन डॉक्टर, हॉस्पिटलातून पंधराच दिवस रजा, त्याच्या डोक्यात जर्सी बेट होतं. मिल्का म्हणाली, "जर्सीला नको. तिथे अर्धं एजवेअर भेटेल. कुणी ओळखीचं भेटणार नाही असं काहीतरी दाखव ना, सियोन." मी ते ब्रोशर काढलं. दहा खोल्यांचं हॉटेल, एकच रस्ता, टेलिफोन नाही, पांढरी वाळू. ती पानं उलटत राहिली.

"समुद्र शांत असतो ना रे तिथे? मला पोहता येत नाही, माहीत आहे ना तुला?"

"बादलीतल्या पाण्यासारखा," मी म्हटलं.

सायमन हुशार. त्याने किंमत बघून विचारलं, "ऑगस्टमध्ये एवढं स्वस्त कसं काय?"

"ओळखीतलं गिऱ्हाईक म्हणून."

तुम्ही त्या स्वस्ताईबद्दल मला किती आशीर्वाद दिलेत, मावशी! ती ओळखीची सवलत नव्हती. त्या महिन्यांत तिथे कुणी जात नाही, म्हणून ते भाव पाडतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे वादळांचा मोसम. आमच्या ऑफिसात तर नियमच आहे. त्या बेटांच्या ब्रोशरवर मिस्टर डॉब्स लाल पेन्सिलीने ते तीन महिने खोडून ठेवतात. तरीही कुणी मागितलंच, तर क्लार्कने तोंडी बजावून सांगायचं आणि बुकिंगच्या कार्डावर ‘सांगितलं’ या चौकोनात टिक करायची.

मी त्यांना बिनखुणेचं ब्रोशर दाखवलं. एक शब्द बोललो नाही. आणि टिक केली.

ऑगस्टच्या सुरुवातीचा बिरड्याचा रोजा होईपर्यंत आपल्यात लग्न लागत नाही, म्हणून तुम्ही पंधरा ऑगस्टचा रविवार धरलात. माझ्या हातात ती तारीख आयतीच आली. बिचाऱ्या मिल्काला काय ठाऊक, ती लंडनच्या उन्हाळ्याच्या हिशेबाने चालली होती.

काल मिस्टर डॉब्सनी ते कार्ड काढून पाहिलं. टिक बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू सांगितलं होतंस, माय सन. याहून जास्त माणूस काय करणार?" मी मान हलवली. मावशी, मी मान हलवली!

का केलं, ते लिहायलाच बसलोय, पण हात तिथे गेला की दुसरंच काहीतरी लिहितो.

तुम्ही सगळ्यांना सांगता, सियोनला कार्डिफचं इंजिनिअरिंग झेपलं नाही. झेपत होतं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा चालू होती, तीन पेपर झाले होते. मिल्काचं पत्र आलं: सायमनच्या घरून विचारणा झालीय आणि मी हो म्हटलंय, तू समजून घेशील. मी ड्रॉइंग बोर्ड होस्टेलच्या खिडकीतून खाली फेकला आणि मिळेल त्या ट्रेनने तुमच्या दारात येऊन उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "परीक्षा टाकून आलास? वेडाबिडा झालास का? ये आत, जेव आधी." नारळाच्या रसातलं मासळीचं कालवण होतं. मी भांडायला आलो होतो आणि दोनदा भात घेऊन जेवलो. मिल्का स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

तिने मला कधी वचन दिलं नव्हतं. हेही लिहितो, कारण उद्या कुणी तिला बोल लावू नये. मी कार्डिफला असताना ती मला पत्रं लिहायची, एवढंच. बाकी सगळं मी मनाने लिहून घेतलं.

तर जूनमधला तो दिवस. सायमन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "कॉलेज सोडलंस ते आमच्या पथ्यावर पडलं बघ! इंजिनिअर झाला असतास तर आमच्या हनिमूनचं बुकिंग कोणी केलं असतं?" आणि मिल्का हसली. थोडीशीच. पण हसली. तोवर जर्सीचे फॉर्म माझ्या हातात होते, शपथ सांगतो. मी ते खाली ठेवले आणि दुसरा खण उघडला, बिनखुणेच्या ब्रोशरचा.

मला वाटलं, पाऊस लागेल. पंधरा दिवस खोलीत अडकतील, भांडतील, ती वैतागून परत येईल आणि तुमच्यापुढे म्हणेल, कुठलं मेलं बेट. एवढंच हवं होतं मला.

नाही. एवढंच नव्हतं. वरची ओळ खोडणार होतो, पण राहू दे. मी कसा लिहितो ते तुम्हाला दिसू दे. टिक करताना एक क्षण वाटलं होतं की बुडू दे ते बेट आणि त्यावरचा तो डॉक्टर. तेव्हा मिल्का माझ्या डोळ्यांसमोर नव्हतीच. समोर दोन फुटांवर बसली होती, तरी नव्हती.

तुम्ही काल सांगितलंत की एलियाहू हानाबीला नवस बोललाय. ती दोघं सुखरूप आली की मलिदा करणार. पोहे आणून ठेवलेत, नारळ सांगितलाय, प्रार्थनेच्या दहा पुरुषांत मला बसवणार. "आणि पहिलं ताट सियोनला," म्हणालात. "माझ्या मुलीसाठी तीन दिवस जेवला नाही तो." ते ऐकून मी मशीनच्या खोलीत जाऊन भिंतीवर डोकं आपटलं. मावशी, ताट माझ्यासाठी वाढू नका. माझी त्या ताटासमोर बसायची लायकी नाही. नवस तुमचा आहे, तो माझ्यापायी विटाळू नका.

आणखी एक राहिलंय. दीड वाजता तुमचा फोन आला तेव्हा "अजून काही नाही" म्हणालो, तेही खोटं. साडेबाराला टेलेक्स आला होता. हॉटेलचं समुद्राकडचं छप्पर आणि भिंत गेली. पाहुण्यांपैकी दोघं गेले. एक पुरुष, एक बाई. हॉटेलात तीन जोडपी होती. नावं पाच वाजेपर्यंत कळवतो, असं एजंटने लिहिलंय. तो कागद माझ्या खिशात आहे.

तुम्ही विचाराल, नावं कळेपर्यंत थांबला का नाहीस? मी स्वतःला ओळखतो, मावशी. दुसरी कुणी असली, मिल्का जिवंत निघाली, तर मी आनंदाने उड्या मारीन, कार्डावरची टिक तशीच राहील, मलिदा खाईन आणि जन्मभर तुमचा लाडका म्हणून मिरवीन. आणि मिल्का असली तर तुमच्याजवळ बसून सगळ्यांत मोठ्याने मीच रडेन, आणि तुम्ही मला पोटाशी धराल. दोन्हीकडून मी सुटतो. म्हणून आत्ताच लिहायला हवं.

नाव कुठलंही असो, तुम्हाला फोन मीच करीन. हे पत्र उद्या सकाळी मिळेल. मग मला तुमच्या दारात उभं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मिस्टर डॉब्सना हे सगळं आजच सांगतोय. पोलिसांना सांगायचं असलं तर कार्डाचा नंबर ११८ आहे.

क्षमा मागत नाही. कशाची मागायची तेच पाच वाजता ठरणार आहे.

पाचला सात मिनिटं कमी आहेत. मशीन वाजायला लागलंय. मिस्टर डॉब्स तिकडून ओरडतायत, "सियोन, सियोन!" मी तिकडे जात नाही. आधी खाली जातो, कोपऱ्यावरच्या पेटीत हे टाकतो, मग वर येऊन वाचीन.

ज्याने तुमच्या मिल्काला तिथे पाठवलं, तो
सियोन चांडगावकर