वैद्याने तलवार उचलायची नाही

५ जानेवारी, रविवार
संकल्प: 'गडवेढा' यंदा पूर्ण करायचाच. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा गेम. रोल चार: सरदार, तिरंदाज, हेर, वैद्य. ज्याने त्याने आपलंच काम करायचं. वैद्याने तलवार उचलायची नाही. रोल पक्के असले की भांडणं होत नाहीत. सगळं डिझाइन यावरच उभं आहे.
वैद्य गीतांजली. बायकोला तोच रोल सूट होतो. विचारलं नाही, गरज नव्हती.

१२ जानेवारी
पहिली टेस्ट, आमच्या हॉलमध्ये. ऑफिसातला चंद्रशेखर सरदार, मेहुणी जाई हेर, शेजारचे सुभाषकाका तिरंदाज. मस्त चाललं होतं. गीतांजली मात्र सारखी उठून आत माझ्या बाबांकडे. अर्धांगाच्या झटक्यापासून बाबांना सगळं हातात द्यावं लागतं. मान्य, पण खेळाची लय तुटते. तसं तिला सांगितलं.
पुन्हा आत जाताना ती म्हणाली, "मी सगळ्यांच्या जखमा बांधते. मला लागलं तर कोण बांधतं?"
उत्तम फीडबॅक. वैद्याला एक ढाल देऊ.

१६ जानेवारी
शनिवारी बाबांना फिजिओकडे मी नेईन का, असं गीतांजलीने विचारलं. तिचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे. म्हटलं, शनिवारी नियम लिहायचेत. ती "बरं" म्हणून आत गेली. समजूतदार आहे.

१९ जानेवारी
दुसरी टेस्ट. घोळ. सरदार जखमी पडला, तर गीतांजलीने त्याचीच तलवार उचलली आणि गडाच्या दरवाजाकडे निघाली. म्हटलं, वैद्याला हे अलाउड नाही. ती म्हणाली, "मग वैद्य गड सोडून जातो." जाई म्हणाली, "जिजू, जाऊ द्या ना तिला." चंद्रशेखर मोबाईल बघत बसला. गेम तिथेच थांबला.
नवा नियम: वैद्याला गड सोडता येणार नाही.

२४ जानेवारी
गीतांजलीला प्रमोशन मिळालं. पोस्टिंग पुणे. त्या शनिवारी बाबांना जाईने नेलं होतं म्हणे. मला कुणी काही सांगितलंच नाही, असं म्हटलं. गीतांजली म्हणाली, "सांगितलं होतं. तू ढालीबद्दल बोलत होतास."
बाबांनाही तिने विचारलंय. ते जा म्हणाले.
आठवडाभरात परत येईल. मी ओळखतो तिला.

२ फेब्रुवारी
गीतांजली काल गेली. बाबांना सांभाळायला दिवसाची बाई उद्यापासून येणार. म्हणजे आज सगळं माझ्याकडे. बाबांनी विचारलं, जमेल का. म्हटलं, त्यात काय.
अंघोळ घालताना बाबा माझ्या हातातून निसटले. फार लागलं नाही, पण उचलता येईनात. सुभाषकाकांना हाका मारल्या, ते घरी नव्हते. ओल्या फरशीवर आम्ही दोघं बसून राहिलो. बाबा कुडकुडत होते. अडखळत म्हणाले, "आधी टॉवेल आण."
टॉवेल कुठे ठेवलेले असतात, मला माहीत नव्हतं.